आईचेच शरीर तिच्या सांध्यांवर उलटले आहे, हे शास्त्रज्ञांना कळले तरी कसे?

शेवंती
गेल्या महिन्यात आईला आमवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले. तिचे वय ५८ आहे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिच्या मुठी वळत नाहीत. कणीक मळणे राहू द्या, दुधाच्या पिशवीचा कोपराही तिला कापता येत नाही. ‘या वयात वात असायचाच’ असे म्हणत आम्ही तेल चोळण्यात चार महिने घालवले. मग सांधेरोगतज्ज्ञांनी रक्त तपासून सांगितले, की ही झीज नव्हे. प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते आहे. आईने त्यांना सरळ विचारले, "हे तुम्हाला दिसले का?" डॉक्टर हसले, पण बाहेर दहा-बारा रुग्ण ताटकळत होते, त्यामुळे उत्तर तिथेच राहिले.

तो प्रश्न मी इथे मांडते. उपचार कोणते करावेत हे मला विचारायचे नाही, ते डॉक्टर पाहतील. ‘स्वतःचेच शरीर स्वतःवर उलटते’ ही समजूत कोणी, कधी आणि काय पाहून करून घेतली, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

जुना सांगाती
प्रश्न उत्तम आहे, कारण शरीर उलटण्याची गोष्ट बरीच उशिरा आली. त्याआधी हा वेगळा रोग आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. युरोपात सांधेदुखीचे बरेचसे प्रकार ‘गाऊट’ या एकाच गोणीत भरले जात. १८०० साली पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टराने आपल्या प्रबंधात नऊ स्त्रियांची हकिगत लिहिली. गाऊट हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या पुरुषांचा रोग मानला जाई, आणि या तर गरीब बायका होत्या. तरीही त्याला हा गाऊटचाच एक प्रकार वाटला.

दोन्ही रोग निश्चितपणे वेगळे केले ते लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी. गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते, हे त्यांनी १८४८ मध्ये दाखवले. पुढे त्यांनी एक साधी चाचणी काढली. रक्तातील पिवळसर द्रव काचेच्या उथळ बशीत घ्यायचा, त्यात थोडे ॲसेटिक ॲसिड घालायचे, लिननच्या कापडाचा एक धागा त्यात सोडायचा आणि एक-दोन दिवस वाट पाहायची. गाऊट असेल तर दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसे त्या धाग्यावर युरिक ॲसिडचे स्फटिक धरत. सांधे सुजलेल्या इतर रुग्णांच्या बाबतीत मात्र धागा कोराच राहत असे. अशा रुग्णांच्या रोगाला ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव त्यांनीच १८५९ मध्ये दिले.

काथ्याकूट
संधिवाताचे संशोधनही धाग्यावरच सुरू झाले असेल, तर आपल्या मंडळींना आणखी काय हवे! इथे मात्र स्फटिक धरण्याआधी सहसा भांडण धरते.

गुळवेल
जुना सांगाती यांचा प्रतिसाद आवडला, मात्र ‘हा वेगळा रोग आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते’ हे वाक्य युरोपापुरतेच खरे आहे. चरकसंहितेत वातरक्ताचे वर्णन आहे आणि माधवकरांच्या माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र अध्याय आहे. माधवनिदान साधारण सातव्या-आठव्या शतकातले मानले जाते. हातपाय, घोटे, गुडघे अशा अनेक सांध्यांना सूज, अंगात कसकस, अन्नावर वासना नसणे आणि विंचवाने डंख मारल्यासारखी वेदना, हे वर्णन आजच्या रुग्णाला वाचून दाखवले तर तो मान डोलावेल. रोग सांध्यात दिसला तरी त्याचे मूळ सगळ्या शरीरात आहे, हा विचारही तिथे स्पष्ट आहे.

प्रश्नचिन्ह
वर्णन नेमके आहे, हे मान्य. परंतु लहान मुलांना घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या सांधेतापातही सांधे एकामागून एक सुजतात, ताप येतो आणि जेवण जात नाही. माधवकरांचा आमवात म्हणजे आजचा रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्यात दोन्ही रोग मिसळलेले असू शकतील. शिवाय शेवंती यांचा प्रश्न रोग कोणी ओळखला हा नसून त्याची यंत्रणा कशी कळली हा आहे.

मिनेसोटाची थंडी
मी ज्या राज्यात राहते तिथल्या रॉचेस्टर गावात या प्रश्नाचा एक मोठा धागा सापडतो. १९२९ साली मेयो क्लिनिकमधील फिलिप हेंच यांच्याकडे एक रुग्ण आला, जो स्वतः डॉक्टर होता. त्याला कावीळ झाली आणि कावीळ होताच वर्षानुवर्षांची सांधेदुखी थांबली. कावीळ चार आठवड्यांत उतरली, तरी पुढे काही महिने सांधे शांत राहिले. दुसऱ्या कोणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. हेंच यांनी असे रुग्ण शोधायला सुरुवात केली आणि त्यांना आणखी एक गोष्ट आढळली, ती म्हणजे गरोदरपणातही बऱ्याच स्त्रियांचा हा आजार ओसरतो. तोपर्यंत हा रोग एकदा लागला की मागे हटत नाही, अशीच समजूत होती. हेंच यांनी उलट तर्क केला, की शरीरातच असा काही पदार्थ असला पाहिजे, ज्यामुळे रोग आवरतो. तो पदार्थ कोणता हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी त्याला ‘क्ष’ म्हटले. पित्ताचे क्षार देऊन पाहिले, कावीळ झालेल्यांचे रक्त देऊन पाहिले, कशाचाच उपयोग झाला नाही.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींतून निरनिराळी संयुगे वेगळी करत होते. त्यांतले ‘ई’ संयुग पुरेशा प्रमाणात तयार होईपर्यंत १९४८ साल उजाडले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी, अंथरुणातून उठणेही कठीण झालेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला ते टोचले गेले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. हे संयुग म्हणजे कॉर्टिसोन. १९५० चे नोबेल हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे ताडेउश राइखश्टाइन यांना मिळाले. मात्र तोवर चेहरा सुजणे, मनःस्थिती बिघडणे आणि औषध थांबवताच रोगाने पुन्हा उसळी घेणे, हे सारे दिसू लागले होते.

तिळगूळ
गरोदरपणाचा मुद्दा वाचून थांबले. माझ्या मावशीला दोन्ही बाळंतपणांच्या वेळी अगदी असाच आराम पडला होता, आणि बाळ दोन महिन्यांचे होते-न होते तोच आजार दुपटीने उलटला. घरात सर्वांनी ‘बाळंतपणात वारा लागला’ असे म्हणून तिलाच बोल लावले. आज ती नाही. असती तर हा प्रतिसाद तिला वाचून दाखवला असता.

प्रयोगवही
मी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षे काम केले, तेव्हा माझ्या टेबलावरून गेलेला भाग सांगतो.

‘शरीर स्वतःवर उलटते’ या कल्पनेला रक्तातला पहिला पुरावा नॉर्वेचे एरिक वालर यांना मिळाला. दुसऱ्याच एका चाचणीसाठी ते मेंढीच्या रक्तपेशी वापरत होते. १९३७ च्या अखेरीस एका सांधेरुग्णाचे रक्त मिसळल्यावर त्या पेशींच्या अनपेक्षितपणे गुठळ्या झाल्या. त्यांनी ते टिपून ठेवले, इतर रुग्णांवर पडताळले आणि १९४० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युद्ध आले, आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कचे हॅरी रोझ व त्यांचे सहकारी त्याच निष्कर्षावर स्वतंत्रपणे पोहोचले. रोगाशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते, हे आपल्याला माहीत असते. इथे मात्र शरीराने आपल्याच प्रतिपिंडांविरुद्ध प्रतिपिंड बनवले होते. तोच आजचा ‘आर ए फॅक्टर’.

तथापि हा अहवाल पाहून घाबरणारे आणि निर्धास्त होणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत आणि दोघेही चुकतात. क्षय, कुष्ठरोग, काही प्रकारची कावीळ, किंबहुना नुसते वय यांमुळेही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. उलट आमवात असलेल्या बऱ्याच रुग्णांत तो निगेटिव्ह राहतो. हल्लीची ‘अँटी सीसीपी’ ही तपासणी अधिक नेमकी आहे. प्रथिनांतील आर्जिनीन या घटकाचे शरीरात सिट्रुलीनमध्ये रूपांतर होते आणि अशा बदललेल्या प्रथिनांना शरीर परके समजू लागते. त्याविरुद्धची प्रतिपिंडे या तपासणीत सापडतात.

यातला सर्वांत थक्क करणारा अभ्यास नेदरलँड्सचा आहे. पूर्वी रक्तदान केलेल्या आणि नंतर आमवात झालेल्या ७९ जणांचे जुने, गोठवून ठेवलेले नमुने तिथे बाहेर काढले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात, सांधा दुखण्याच्या कितीतरी आधी, ही प्रतिपिंडे सापडली. काहींमध्ये तर ती दहा वर्षांहून अधिक काळ आधीपासून होती. शेवंतीताई, तुमच्या आईंचे चार महिने तेलात गेले याची खंत जरूर करा, पण रोगाची सुरुवात कदाचित त्याच्याही कैक वर्षे आधीची असेल.

गुडघेदुखे काका
माझे गुडघे गेली आठ वर्षे जिना चढताना कुरकुरतात. वरचे सगळे वाचून मला आता आमवात, गाऊट आणि कावीळ हे तिन्ही झाल्यासारखे वाटत आहे. कोणीतरी सोडवा. आणि बोटे मोडल्याने संधिवात होतो, हे आजीचे म्हणणे खरे का?

प्रश्नचिन्ह
काका, तुमचे बहुधा ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ असेल, ज्याला आपण झीज म्हणतो. अर्थात ते डॉक्टरांनी ठरवायचे. झीज हा शब्दही पुरेसा नाही. कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेले गुळगुळीत आवरण, हे टायरचे रबर नव्हे. त्यात जिवंत पेशी असतात, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू नसतात, आणि बिघाड झाला की त्याच पेशी कूर्चा विरघळवणारी विकरे (एन्झाइम्स) सोडू लागतात. अस्तर, हाड, स्नायू असा सगळा सांधाच त्यात ओढला जातो. म्हणूनच क्ष-किरण चित्र आणि वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

बोटांबद्दल सांगायचे, तर अमेरिकेतील डोनाल्ड उंगर या डॉक्टराने आईचे हेच म्हणणे खोडून काढण्यासाठी पन्नास वर्षे रोज फक्त डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला. दोन्ही हात सारखेच निघाले. त्यांना २००९ चे इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे गमतीदार पारितोषिक, मिळाले. एकाच माणसाचा प्रयोग म्हणून त्याची किंमत तेवढीच. तरी आपल्या आजीच्या विरोधात पन्नास वर्षे चिकाटी धरण्याची तुमची तयारी आहे का, ते पाहा.

उजनीकाठ
गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, म्हणून आमच्या भागातील संशोधनाची नोंद करतो. भिगवण म्हटले की लोकांना उजनीच्या पाणथळीतले रोहित पक्षी आठवतात. सांधेरोगाच्या अभ्यासात मात्र हे नाव वेगळ्या कारणाने घेतले जाते. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली तिथे घरोघर पाहणी सुरू केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस केली गेली. साधारण १८ टक्के लोकांना सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. झिजेचा संधिवात सुमारे ६ टक्क्यांना होता आणि आमवात साधारण ०.५ टक्के.

अर्धा टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण दवाखान्यात कोण येतो यावरून रोग मोजला, की ऊस तोडताना पाठ धरलेली आणि तरीही कामावर जाणारी बाई मोजणीत येतच नाही. दारात जाऊन विचारले तरच ती सापडते. या पाहणीचे खरे मोल मला त्यात वाटते.

लिंबलोण
औषधांबद्दल बोलायचे नाही असे धागाकर्तीने म्हटले आहे, तरीही आमवातावर दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट या गोळीचा इतिहास तिच्या प्रश्नात बसतो, असे मला वाटते. भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले या कंपनीत संशोधन करत होते. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडची नक्कल करणारी, पेशींची वाढ रोखणारी औषधे बनवली, आणि १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ती रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर वापरली. त्याच साली सुब्बाराव वारले. १९५१ मध्ये अशाच एका औषधाने आमवात उतरतो असे दिसले होते. पण तेव्हा कॉर्टिसोनचा एवढा उदोउदो चालू होता, की तिकडे कोणी फारसे पाहिले नाही. त्याच कुळातल्या मेथोट्रेक्सेटच्या नीट चाचण्या व्हायला १९८० चे दशक उजाडावे लागले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कर्करोगाला लागते त्याच्या अगदी छोट्या मात्रेत, आठवड्यातून एकदाच घेतल्यावर, ते प्रतिकारशक्तीचा भडका शांत करते.

‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. आमच्या इमारतीतील एका आजींनी चिठ्ठी नीट न वाचता ती गोळी रोज घेतली. तोंडभर फोड आले, रक्तातील पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्या आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. त्या वाचल्या. घरात ही गोळी असेल त्यांनी वार ठरवून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

जुना सांगाती
लिंबलोण यांच्या प्रतिसादाला जोड. चुकीच्या तर्कातून चालणारे औषध मिळाल्याची उदाहरणे या रोगात पुष्कळ आहेत. फ्रान्सचे झाक फोरेस्तिए यांना आमवात क्षयासारखाच जंतुसंसर्ग वाटत होता, म्हणून १९२९ पासून त्यांनी क्षयावर वापरली जाणारी सोन्याची इंजेक्शने दिली. संसर्गाची कल्पना टिकली नाही, पण सोने पुढे अनेक दशके वापरात राहिले. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनीही जंतूंच्याच संशयावरून सल्फासॅलाझिन घडवले. ते आजही दिले जाते.

गुळवेल
आयुर्वेदाचे नाव काढले की पुरावा मागितला जातो, म्हणून आधीच देतो. कोइमतूर येथे आमवाताच्या ४३ रुग्णांवर दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्ण आणि तपासणारे दोघांनाही कळू न देता, चाचणी झाली आणि ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला आयुर्वेदिक औषधे, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट, तिसऱ्याला दोन्ही. तिन्ही गटांना साधारण सारखाच गुण आला.

प्रश्नचिन्ह
ही चाचणी प्रामाणिकपणे केलेली आहे, आणि वैद्य रुग्णागणिक औषध बदलतो तरीही अंध चाचणी घेता येते, हे तिने दाखवले. परंतु ४३ जण तीन गटांत विभागले तर एका गटात जेमतेम चौदा-पंधरा उरतात. एवढ्या संख्येत फरक दिसला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. तिच्या कर्त्यांनीही तिला प्राथमिक चाचणीच म्हटले आहे.

गुळवेल
संख्येचा मुद्दा मान्य आहे. माझाही आक्षेप मोठी चाचणी पुढे का झाली नाही, यालाच आहे. आणि एक गोष्ट आमच्या बाजूने कबूल करतो. नाव-गाव नसलेल्या ज्या पुड्यांनी ‘दोन दिवसांत उतार’ पडतो, त्यांत अनेकदा स्टिरॉइड, म्हणजे वरच्या कॉर्टिसोनच्याच जातीचे औषध, कुटून घातलेले असते. त्यांना आयुर्वेद म्हणू नये.

पेशीवाचक
मी लंडनमध्ये पेशीशास्त्रात काम करतो. आईंच्या प्रश्नाचे शब्दशः उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो. होय, ते दिसते. निरोगी सांध्याचे अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या थराचे असते. आमवातात ते जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी दाटीवाटीने भरतात आणि सांध्याच्या कडेने ते हाडात शिरते. बोटाच्या सोनोग्राफीत हे सुजलेले अस्तर आणि त्यातला वाढलेला रक्तप्रवाह दाखवता येतो.

पण दिसणे आणि कारण कळणे वेगळे. त्या अस्तरात दाह पसरवणारे कितीतरी रासायनिक निरोप सापडत होते, आणि एक अडवून काय होणार, बाकीचे आहेतच, असे बहुतेकांचे मत होते. तेव्हा इथे असलेल्या केनेडी संस्थेतील मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यातील पेशी काचपात्रात वाढवल्या. १९८९ मध्ये त्यांनी दाखवले, की ‘टीएनएफ’ हा एकच निरोप अडवला तर इतरही काही आपोआप मंदावतात. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफविरोधी प्रतिपिंड प्रथम रुग्णांना दिले गेले आणि त्यांच्या सांध्यांची सूज थोड्याच दिवसांत उतरली. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे. यंत्रणेचा अंदाज बांधला, नेमका तोच दुवा तोडला आणि रोग हटला.

त्याची किंमतही लवकरच कळली. शरीरात दडून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करतो. २००१ मध्ये या औषधानंतर क्षय उफाळल्याची ७० प्रकरणे नोंदवली गेली. म्हणून भारतात असे इंजेक्शन देण्याआधी छातीचे चित्र आणि क्षयाची तपासणी करतात.

तिळगूळ
मग सुरुवात का होते, ते कळले आहे का? मावशीला मिश्री लावायची सवय होती आणि त्याचाही दोष तिला देण्यात आला होता.

पेशीवाचक
पूर्ण कळलेले नाही. १९७८ मध्ये पीटर स्टॅस्टनी यांनी विशिष्ट जनुकप्रकाराशी संबंध दाखवला, आणि २००६ मध्ये स्वीडनच्या लार्स क्लारेस्कोग यांच्या गटाने तोच जनुकप्रकार असलेल्या धूम्रपींमध्ये धोका फार वाढतो, असे मांडले. धुरामुळे फुप्फुसातील प्रथिनांत वर प्रयोगवही यांनी सांगितलेला बदल होतो, असा त्यांचा तर्क आहे. स्वीडनमध्येच ओली तपकीर ओठात धरणाऱ्यांत मात्र धोका वाढलेला आढळला नाही. म्हणजे भानगड तंबाखूच्या धुरात असावी. मिश्री म्हणजे ती तपकीर नव्हे आणि तोंडाच्या कर्करोगासाठी मिश्री वाईटच. पण आमवाताचा दोष मावशींच्या माथी मारायला आधार नव्हता.

शेवंती
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. खडीसाखरेचा धागा तिला फार आवडला. तिने गोळीसाठी गुरुवार नक्की केला, कारण तो तिच्या उपवासाचा वार आहे आणि तो ती विसरत नाही. आता एक प्रश्न माझा. मी ३२ वर्षांची आहे, काहीच दुखत नाही. मी अँटी सीसीपी करून घ्यावी का?

प्रयोगवही
आई-वडिलांना आमवात असेल तर धोका थोडा वाढतो, तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. लक्षणे नसताना ही तपासणी सरसकट करत नाहीत, कारण अहवाल पॉझिटिव्ह आला तरी काय करायचे हे अजून ठरलेले नाही. प्रतिपिंडे असलेल्या आणि सांधे दुखू लागलेल्या, पण सूज न आलेल्या २१३ जणांना ब्रिटन व नेदरलँड्समध्ये वर्षभर ॲबाटासेप्ट हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध किंवा दिसायला तसेच नकली औषध देऊन पाहिले गेले. २०२४ मध्ये आलेल्या निकालानुसार औषध चालू असेपर्यंत रोग बऱ्याच जणांत लांबला. ते थांबवल्यावर पुढच्या वर्षात दोन्ही गटांतले अंतर कमी होत गेले. सकाळी बोटे अर्ध्या तासाहून अधिक आखडू लागली किंवा सूज दिसली, तर मात्र तेल न शोधता डॉक्टरांकडे जा.

शेवंती
समजले. पुढच्या भेटीत आईला सोनोग्राफी पडद्यावर दाखवा, असे डॉक्टरांना सांगणार आहे. तिला अजूनही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे.

गुडघेदुखे काका
उपवासाच्या दिवशी गोळी रिकाम्या पोटी चालते का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. आणि माझ्या गुडघ्यांबद्दल वेगळा धागा काढू का?